विश्लेषण : ‘अनडू’ नसलेल्या काळात एकनाथांनी ज्ञानेश्वरी कशी दुरुस्त केली?

मोबाइलवर मजकुरावर बोट दाबून धरलं की कट, कॉपी, पेस्ट हे पर्याय उघडतात. संगणकावर तेच काम कंट्रोलसोबत एक्स, सी आणि व्ही दाबून होतं. 1970च्या दशकात अमेरिकेतील झेरॉक्स पार्क प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी ही पद्धत रुळवली. पण त्याच्या सुमारे चारशे वर्षं आधी पैठणच्या संत एकनाथांनी हेच काम बोरू आणि शाईनं केलं होतं.

एकनाथांचे आईवडील लहानपणीच गेले. आजोबा चक्रपाणींनी त्यांना वाढवलं. पुढे ते देवगिरीला जनार्दनस्वामींकडे शिकायला राहिले. तिथे हिशेबातली एका पैची चूक शोधत त्यांनी रात्र जागवली आणि ती सापडताच आनंदानं टाळी वाजवली, अशी कथा आहे. प्रोग्रॅममधला बग शोधणाऱ्या कुणालाही ती टाळी कळेल.

नेमकी अडचण काय होती?

ज्ञानेश्वरी 1290 मधली, सुमारे नऊ हजार ओव्यांची. तीनशे वर्षं ती नकलांवर नकला होत पसरली. नक्कल करताना ओळ सुटायची, जुना शब्द न कळल्यानं बदलला जायचा. कुणी समासात अर्थ लिहून ठेवला, तर पुढचा लेखनिक तो मूळ मजकुरातच घालायचा. काही हौशी मंडळी तर स्वतःच्या ओव्याही जोडत. चुकलेली अक्षरं पिवळ्या हरताळाचा लेप देऊन झाकत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तिथूनच आला. हा झाला तेव्हाचा कट. चुकून चांगली ओवी झाकली गेली, तर कंट्रोल झेड नव्हतं.

एकनाथांनी उपलब्ध प्रती ताडून पाठ ठरवला. 1584 मध्ये, म्हणजे शके 1506 मध्ये, शुद्ध प्रत सिद्ध झाली. यापुढे कुणी यात आपली ओवी घातली, तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखं होईल, असा इशाराही त्यांनी शेवटी दिला. जुन्या मराठीतला हा बहुधा सर्वांत कडक ‘रीड ओन्ली’.

1599 मध्ये एकनाथांनी देह ठेवला. त्यांची प्रत प्रमाण मानली गेली, मात्र प्रश्न संपला नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी बीडमध्ये मिळालेली प्रत एकनाथांच्याही आधीची असल्याचं सांगत 1909 मध्ये छापली. एकनाथांनी भाषाही थोडी नवी केली का, हा वाद त्यामुळे पेटला.

पैठणहून गोदावरी खाली परभणी जिल्ह्यात येते. तिच्या काठावरचं गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. त्यांचे अभंग मुख्यतः नामदेवांच्या गाथेसोबत टिकले. त्याच गाथेत एकनाथकालीन विष्णुदास नामा यांच्या रचनाही मिसळल्या, कारण दोघांचीही नाममुद्रा ‘नामा’च. त्या अभंगांना एकनाथांसारखा संपादक वेळेत मिळाला नाही. कुठला अभंग कुणाचा, याची छाननी अभ्यासकांना पुढे शेकडो वर्षांनी करावी लागली.