कै. बॅरिस्टर नाथ पै

आमच्या वेंगुर्ल्याचे सुपुत्र बॅ. नाथ पै यांचा जन्म 25 सप्टेंबर 1922 रोजी झाला. 1942 च्या चळवळीत त्यांनी कारावास सोसला. पुढे विलायतेस जाऊन ते बॅरिस्टर झाले. 1957 साली प्रजासमाजवादी पक्षातर्फे ते राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर गेले. तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेचे साह्य होते. परंतु 1962 साली राज्यातील 44 पैकी 41 जागा काँग्रेसने जिंकिल्या असताही राजापूरकरांनी त्यांनाच निवडले, हे आम्हांस अधिक मोलाचे वाटते.

1967 साली गोलकनाथ खटल्याच्या निकालाने मूलभूत हक्कांचा संकोच करण्याचा संसदेचा अधिकार नाकारला. तो परत मिळावा म्हणून त्यांनी खासगी विधेयक मांडिले. धर्मस्वातंत्र्य व आपल्या शाळा चालविण्याचा हक्क हेही त्याच हक्कांपैकी असल्याने आमच्यासारख्या अल्पसंख्याकांस त्या विधेयकाची धास्ती वाटावी, हे स्वाभाविकच होय. तथापि ज्या अधिकाराचा लाभ प्रथम सत्ताधाऱ्यांसच व्हावयाचा, त्यासाठी विरोधी बाकावरील गृहस्थाने झटावे, ही गोष्ट विरळा.

18 जानेवारी 1971 रोजी बेळगाव येथे वयाच्या अवघ्या 48 व्या वर्षी ते निवर्तले. विधेयक मंजूर झाले नव्हते. त्याच वर्षी सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती करून तो अधिकार संसदेस दिला.