पेस्टालॉझी आणि स्टान्सची मुले

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर शिक्षकाचे चरित्र लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा आम्हांस प्रथम आठवले ते पेस्टालॉझी. आपल्या ज्ञातीत शिक्षकी पेशा पत्करलेली घरे पुष्कळ आहेत. अध्यापक विद्यालयात ज्यांचे शिक्षण झाले त्यांस हे नाव परिचित असेलच. तथापि परीक्षेपुरती त्यांची तत्त्वे पाठ केली जातात, आणि ती ज्या वर्गात कसाला लागली त्या वर्गाची हकीकत मात्र बाजूस राहते.

योहान हाइन्रिख पेस्टालॉझी यांचा जन्म स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे १२ जानेवारी १७४६ रोजी झाला. वडील शस्त्रवैद्य होते. ते लवकर वारले. आई आणि एक एकनिष्ठ मोलकरीण यांनी मुलांचा सांभाळ केला. पुढे न्यूहोफ येथे शेती करीत असता त्यांनी गरिबांची मुले घरी आणून त्यांस सूतकताई व अक्षरे शिकविण्याचा उद्योग आरंभिला. तो १७८० मध्ये बुडाला व पदरी कर्ज आले. १७८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीने कीर्ती दिली. परंतु त्यांस हवी होती शाळा, आणि ती मिळेपर्यंत वयाची बावन्न वर्षे उलटली.

सप्टेंबर १७९८ मध्ये फ्रेंच सैन्याने निडवाल्डन प्रांतातील स्टान्स हे गाव उद्ध्वस्त केले. अनाथ झालेल्या मुलांसाठी नव्या सरकारने तेथील जोगिणींच्या मठात आश्रम काढला व पेस्टालॉझींस पाठविले. १४ जानेवारी १७९९ रोजी मुले येऊ लागली. काही आठवड्यांत त्यांची संख्या ऐंशीवर गेली. इमारतीचे काम अर्धवट, भिंतींचा धुरळा उडत असलेला, आणि मदतीस केवळ एक घरकाम पाहणारी बाई! कोणाच्या अंगावर खरूज, कोणाच्या डोक्यात जखमा, अंगावरच्या चिंध्यांत उवा. काही भीक मागून निर्ढावलेली, काही भेदरून मुकी झालेली. अक्षरओळख असलेली मुले दहांतही एखादे निघणे कठीण.

त्याहून बिकट गोष्ट गावाची होती. गाव कॅथॉलिक, हे प्रॉटेस्टंट. शिवाय ज्या सरकारमुळे घरे जळाली, त्याच सरकारचे हे माणूस. मुलास येथे ठेवून आपणच यांच्यावर उपकार करीत आहोत, असे कित्येक पालकांस वाटे. नवे कपडे अंगावर पडताच मूल घेऊन निघून जाणारेही होते. अशा पालकांशी ज्याचा प्रसंग पडला आहे, त्या शिक्षकास अधिक सांगणे नको.

पेस्टालॉझी मुलांतच जेवत, मुलांतच निजत. सर्वांच्या मागून अंथरुणावर पडत व सर्वांच्या आधी उठत. एकटा माणूस ऐंशी मुलांस शिकविणार कसा? त्यांनी शब्द सांगावा व सर्वांनी तो एका सुरात म्हणावा, अशी रीत ठेविली. शांतता हवी असली म्हणजे मुलांनी आपल्या मधल्या बोटाकडे टक लावून पाहावे. ज्यास थोडे अधिक येई तो दोन कच्च्या मुलांमध्ये बसे व त्यांस शिकवी. यात शास्त्र थोडे व निकड फार होती, असे आम्हांस वाटते.

आणि ते मारीतही असत. ही गोष्ट त्यांनी स्वतः लिहून ठेविली आहे. शिक्षकांच्या खोलीत छडीचे समर्थन करताना आम्ही या कबुलीचा आधार अनेकदा घेतला. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मारास मनाई केली तेव्हाही आम्ही कुरकुरलो. दोन तुकड्या एका खोलीत कोंबलेल्या असता गोंगाट करणाऱ्या एका मुलास आम्ही एकदा फार मारले. तो दुसऱ्या दिवशी आला नाही, त्यानंतरही आला नाही. आणि त्याचे घर वाटेवर असूनही आम्ही तेथे गेलो नाही. पेस्टालॉझींची चापट खाल्लेले मूल त्याच रात्री त्यांच्याच शेजारी निजत असे. आधार घेताना एवढा भाग आम्ही वाचीत नसू.

एप्रिल १७९९ मध्ये शेजारच्या उरी प्रांतातील आल्टडॉर्फ गाव आगीत भस्म झाले. तेथील निराश्रित मुले आणावी काय, हे पेस्टालॉझींनी आपल्या मुलांस विचारले. तुमच्या वाट्याचे अन्न कमी होईल, काम वाढेल, कपडे वाटून घ्यावे लागतील, हेही स्पष्ट सांगितले. तीन महिन्यांपूर्वी एकमेकांचा घास ओढणाऱ्या त्या मुलांनी आनंदाने होकार दिला.

आश्रम मात्र पाच महिनेही टिकला नाही. जूनमध्ये फ्रेंच सैन्य पुन्हा आले, इमारत जखमींसाठी घेतली गेली व बहुतेक मुले पांगली. पेस्टालॉझींस रक्ताच्या गुळण्या होऊ लागल्या होत्या. डोंगरात काही आठवडे विश्रांती घेऊन ते बर्गडॉर्फ येथे जोडे शिवून शाळा चालविणाऱ्या एका गृहस्थाच्या हाताखाली शिकवू लागले. नव्या पद्धतीचा प्रयोग आमच्या मुलांवर नको, अशी तक्रार झाली व तेथून त्यांस निघावे लागले. मग दुसऱ्या एका लहान शाळेत त्यांस जागा मिळाली, आणि तेथे शाळा समितीने परीक्षा घेऊन त्यांचे काम वाखाणले.

इव्हर्डन येथील विद्यालयामुळे १८०५ नंतर त्यांची कीर्ती युरोपभर झाली. सहकाऱ्यांच्या भांडणांमुळे १८२५ मध्ये तेही मिटले. १७ फेब्रुवारी १८२७ रोजी ब्रुग येथे त्यांचा अंत झाला. बिर या खेड्यात, शाळेच्या इमारतीलगत, त्यांस पुरण्यात आले.