सर अल्बर्ट हॉवर्ड : इंदूरच्या मातीतील एक ज्ञानसाधक

इंदूर शहराची कीर्ती देवी अहिल्याबाईंच्या पुण्याईने, होळकरांच्या राजकारभाराने आणि येथील कापडगिरण्यांनी देशभर पसरली, हे आपण सर्वजण जाणतो. परंतु केनियातील कॉफीच्या मळ्यांपासून इंग्लंडमधील लहानशा बागांपर्यंत आपल्या शहराचे नाव ज्या कारणाने पोहोचले, त्याची आठवण आज इंदुरात फारशी काढली जात नाही. काडीकचरा आणि शेण यांपासून कसदार खत तयार करण्याची एक रीत जगाच्या कृषिवाङ्मयात इंदूर पद्धती या नावाने ओळखली जाते. ती ज्यांच्या नावाशी निगडित आहे त्या सर अल्बर्ट हॉवर्ड यांचा जीवनवृत्तान्त शताब्दीच्या या शुभप्रसंगी सभासदांपुढे ठेवणे उचित होईल.

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म ८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातील बिशप्स कॅसल या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. शेतीची कामे त्यांनी लहानपणीच जवळून पाहिली होती. पुढे लंडनचे रॉयल कॉलेज ऑफ सायन्स आणि केंब्रिजचे सेंट जॉन्स कॉलेज येथे त्यांनी निसर्गविज्ञानाचे शिक्षण घेतले. १८९९ साली ते वेस्ट इंडीजमध्ये गेले आणि तेथे ऊस, कोको आदी पिकांवरील बुरशीजन्य रोगांचा अभ्यास करू लागले. या नोकरीत त्यांना एक उणीव तीव्रतेने जाणवली. रोगावर उपाय सुचवायचा, परंतु तो स्वतः करून पाहण्यासाठी हाताशी हक्काची जमीन नाही, असा तो प्रकार होता. ज्याने स्वतः पीक काढलेले नाही त्याने शेतकऱ्याला सल्ला कोणत्या अधिकाराने द्यावा, हा प्रश्न त्यांच्या मनात तेव्हापासून घर करून राहिला.

१९०५ साली हिंदुस्थान सरकारने त्यांची आर्थिक वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून बिहारमधील पुसा येथील नव्या कृषिसंशोधन संस्थेत नेमणूक केली. त्याच वर्षी त्यांचा विवाह गॅब्रिएल मॅथेई या विदुषीशी झाला. गॅब्रिएल या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजच्या विद्यार्थिनी. वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणावर प्रकाश आणि उष्णता यांचा काय परिणाम होतो, या विषयावरील त्यांचे संशोधन विवाहापूर्वीच शास्त्रज्ञांत मान्यता पावले होते. पुढील पंचवीस वर्षे या दांपत्याने एकत्र काम केले आणि त्यांचे अनेक निबंध व ग्रंथ दोघांच्या नावाने प्रसिद्ध झाले. पतीच्या कीर्तीच्या छायेत पत्नीचे कर्तृत्व झाकले जाण्याचा अनुभव विद्येच्या क्षेत्रातही येतो. म्हणून येथे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे की, हॉवर्ड यांचे भारतातील कार्य हे वस्तुतः हॉवर्ड दांपत्याचे कार्य होते.

पुसा येथे हॉवर्ड यांनी आग्रहाने स्वतःच्या प्रयोगांसाठी सुमारे ७५ एकर जमीन मिळवली. तेथे त्यांनी गव्हाच्या सुधारित जाती निर्माण केल्या. त्यांपैकी पुसा ४ आणि पुसा १२ या जाती उत्तर हिंदुस्थानात लाखो एकरांवर पसरल्या. उन्हाळ्यात ते क्वेट्टा येथील केंद्रावर जात आणि फळझाडे, फळांची सुरक्षित पाठवणी व कमी पाण्यावरील गहू यांविषयी प्रयोग करीत. परंतु या काळातील त्यांची सर्वांत मोठी प्राप्ती ग्रंथात मावणारी नव्हती. आसपासच्या शेतकऱ्यांची पिके कोणतेही औषध न फवारता पुष्कळ अंशी निरोगी असतात, हे त्यांच्या ध्यानात आले. मग या परदेशी पदवीधराने त्या निरक्षर शेतकऱ्यांचे शिष्यत्व पत्करले. पिकांची फेरपालट, कडधान्यांची मिश्र पेरणी आणि मशागतीची वेळ साधण्याचे कसब यांमागील कारणे ते शोधू लागले. कीड आणि रोग यांनाही ते गुरू मानीत, कारण पीक कोठे चुकीच्या रीतीने वाढवले जात आहे हे त्यांच्यावरून कळते, अशी त्यांची धारणा बनली.

येथेच त्यांचा प्रचलित संशोधनपद्धतीशी खटका उडाला. पुसा येथे रसायन, वनस्पती, कीटक, बुरशी आणि जीवाणू अशी निरनिराळी खाती होती आणि प्रत्येक खात्याची हद्द ठरलेली होती. शेतातले रोप मात्र एकाच वेळी माती, पाणी, हवा, जनावर आणि माणूस या सर्वांशी बांधलेले असते. त्याचा एकेक तुकडा निरनिराळ्या प्रयोगशाळांत तपासून त्याच्या आरोग्याचे रहस्य उलगडणार नाही, असे हॉवर्ड यांचे ठाम मत झाले. वरिष्ठांना आणि सहकाऱ्यांना हे रुचणे कठीण होते. तेव्हा सर्व विषय एकाच छताखाली आणि एकाच शेतावर अभ्यासता येतील अशी स्वतंत्र संस्था उभारण्याचा निश्चय त्यांनी केला.

त्या निश्चयाला मूर्त रूप आले ते आपल्या इंदुरात. होळकर संस्थानने ३०० एकर जमीन दिली, इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने कापूस संशोधनासाठी अनुदान मंजूर केले, मध्य हिंदुस्थानातील इतर संस्थानांनीही हातभार लावला आणि १९२४ साली इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री ही संस्था स्थापन झाली. हॉवर्ड तिचे संचालक आणि मध्य हिंदुस्थानातील संस्थानांचे शेती सल्लागार झाले. १९२६ साली मुंबईस भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या अधिवेशनाचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले.

माळव्याची काळी जमीन पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तेव्हा संस्थेचे पहिले काम निचऱ्याचे होते. त्यानंतर त्यांनी खताचा प्रश्न हाती घेतला. गावोगावचे बरेचसे शेण गोवऱ्या होऊन चुलीत जाते, जनावरांचे मूत्र गोठ्यातच जिरून वाया जाते, पऱ्हाट्या आणि तुराट्या जाळल्या जातात आणि जमिनीला परत काहीच मिळत नाही, हे दृश्य त्यांनी रोज पाहिले. चीनमधील शेतकरी शतकानुशतके मलमूत्र आणि पालापाचोळा कुजवून जमिनीचा कस राखतात, हे एफ. एच. किंग या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या १९११ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातून त्यांना ठाऊक होते. त्या परंपरेला मोजमापाची जोड देण्याचे काम इंदुरात झाले.

कठीण पऱ्हाट्या संस्थेच्या रस्त्यांवर पसरल्या जात आणि गाड्यांच्या चाकांखाली त्यांचा आपोआप चुरा होई. हा चुरा व इतर काडीकचरा गोठ्यात बैलांखाली अंथरला जाई. मग सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि २ ते ३ फूट खोल खड्ड्यांत तो कचरा, शेण, मूत्राने भिजलेली गोठ्यातील माती आणि लाकडाची राख यांचे थर रचून पाणी शिंपडले जाई. खड्ड्यातील उष्णता साठ अंशांच्या वर चढे. साधारण दोन आठवड्यांनी, एक महिन्याने आणि दोन महिन्यांनी असे तीन वेळा खत उलथून घ्यायचे आणि तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत, दुर्गंधरहित खत हाती यायचे. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचू नये म्हणून जमिनीवरच ढीग रचले जात. ४० बैलांच्या गोठ्यावर वर्षाला सुमारे १,००० गाड्या खत निघू लागले. यात विकत घ्यावे लागेल असे काहीच नव्हते.

कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण, ओलावा, हवा आणि जीवाणूंचे कार्य यांचे बारकाईने मापन करण्यात रसायनतज्ज्ञ यशवंत वाड यांचा वाटा फार मोठा होता. १९३१ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने ही पद्धती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, तेव्हा त्यावर हॉवर्ड आणि वाड अशी दोन्ही नावे होती. पुढे १९३४ साली एफ. के. जॅक्सन आणि वाड यांनी मानवी वस्तीतील मैला व कचरा याच रीतीने निर्धोक करून शेतीला कसा देता येईल, यावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. खताचा प्रश्न अशा रीतीने सार्वजनिक आरोग्याच्या प्रश्नाशी जोडला गेला.

शेतमजुरांचा प्रश्नही हॉवर्ड यांनी संशोधनाचाच भाग मानला. वेळेवर मजुरी, कामाचे मर्यादित तास, राहण्यास नीट जागा आणि औषधपाणी यांची सोय केली तर कामाचा दर्जा सुधारतो, हे त्यांनी संस्थेत दाखवून दिले आणि १९२९ च्या आपल्या ग्रंथात त्याची दखल घेतली. शेतीशास्त्राच्या ग्रंथात मजुरांच्या जीवनाला स्थान देणे ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती.

१९३० साली गॅब्रिएल यांचे निधन झाले. खताविषयीचा तो ग्रंथ छापून आलेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. पुढच्या वर्षी हॉवर्ड निवृत्त होऊन मायदेशी परतले. गॅब्रिएल यांची बहीण लुईझ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९३४ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरास आलेल्या महात्मा गांधींनी या संस्थेला भेट दिली आणि आपल्या हरिजन पत्रातून या खतपद्धतीचा परिचय ग्रामसेवकांना करून दिला.

हॉवर्ड यांचे उत्तरायुष्य प्रचारात गेले. १९४० साली त्यांचा ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट हा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ निघाला. मातीचे आरोग्य, पिकाचे आरोग्य, जनावराचे आरोग्य आणि माणसाचे आरोग्य ही एकच साखळी आहे, असा त्याचा आशय आहे. आज जगभर चाललेल्या सेंद्रिय शेतीच्या चळवळीच्या मूळ प्रेरणांत या ग्रंथाची गणना होते. २० ऑक्टोबर १९४७ रोजी लंडनजवळील ब्लॅकहीथ येथे त्यांचे देहावसान झाले.

थोर पुरुषाचे स्मरण करताना त्याच्या मर्यादांवर पडदा टाकणे योग्य नव्हे. चांगल्या वैरणीवर पोसलेले आपले बैल लाळ-खुरकत झालेल्या जनावरांच्या नाकाला नाक लावूनही आजारी पडले नाहीत, हे निरीक्षण हॉवर्ड वारंवार सांगत. परंतु तुलनेसाठी दुसरा गट ठेवून केलेला तो प्रयोग नव्हता. अशा निरीक्षणांवरून त्यांनी माणसाच्या आरोग्याविषयी जे व्यापक निष्कर्ष काढले, त्यांना पुराव्याचा तितका आधार नाही. रासायनिक खतांना त्यांनी सरसकट विरोध केला. जमिनीत मुळातच एखादे द्रव्य कमी असेल तर तेथील काडीकचऱ्यातूनही ते पुरेसे मिळत नाही, ही अडचण त्यांनी कमी लेखली. ज्या गृहिणीपाशी जळणाला गोवरीवाचून दुसरे काही नाही, तिने शेण खड्ड्यात कसे टाकावे, याचे समाधानकारक उत्तरही खतशास्त्रापाशी नव्हते. सर्व विषयांना एकत्र बांधू पाहणारा संशोधक उतारवयात एका निष्ठेचा प्रचारक झाला, असे खेदाने म्हणावे लागते. तरीही जमिनीतील सेंद्रिय द्रव्य हा तिच्या सुपीकतेचा आधार आहे, हा त्यांचा मूळ सिद्धान्त आज कृषिशास्त्राने मान्य केला आहे. रासायनिक खतांच्या जोडीला कंपोस्ट वापरावे असे आज कृषितज्ज्ञही सांगतात.

ग्रंथालयात पुस्तके विषयवार लावावी लागतात. शेती, आरोग्य, रसायन, समाजशास्त्र अशी निरनिराळी कपाटे असणे सोयीचे व आवश्यकच असते. हॉवर्ड यांचे ग्रंथ नेमके कोणत्या कपाटात ठेवावेत, असा प्रश्न एखाद्या ग्रंथपालास पडला तर नवल नाही. संस्थेच्या त्या जुन्या जमिनीवर पुढे कृषी महाविद्यालय उभे राहिले आणि तेथे विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या शिकल्या. हॉवर्ड यांचे चरित्र लुईझ यांनी १९५३ साली लिहून ठेवले आहे. गॅब्रिएल आणि यशवंत वाड यांच्या कार्याची साधार नोंद मराठीत करण्याचे काम इंदूरच्या अभ्यासकांनी आता हाती घ्यावे. ज्या मातीने आपल्या शहराचे नाव जगाला सांगितले, तिचे एवढे ऋण आपल्यावर निश्चितच आहे.