दुचाकीचा बादशहा माईक हेलवूड

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी एके काळी बुलेट, जावा किंवा राजदूत होती. लहानपणी पेट्रोलच्या टाकीवर बसून वडिलांबरोबर मारलेली चक्कर कुणी विसरलेले नाही. पुढे आपण स्वतः किल्ली हातात घेतली, तेव्हा आईने दारापर्यंत येऊन गाडी हळू चालवण्याची ताकीद दिली, तीही लक्षात आहे. मोटारसायकल हे आपल्या घरात असे कौतुकाचे आणि काळजीचे वाहन. या वाहनावर ज्याची हुकमत जगाने मान्य केली, त्या माईक हेलवूड या इंग्रज शर्यतपटूची ही कथा. तरुण वाचकांना त्याचे नाव कदाचित नवीन असेल. पण शर्यतीच्या जगात आजही ते आदराने घेतले जाते, आणि त्याचे कारण केवळ त्याने जिंकलेल्या शर्यती हे नाही.

माईकचा जन्म २ एप्रिल १९४० रोजी इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायर परगण्यातल्या ग्रेट मिल्टन या गावी झाला. वडील स्टॅन हेलवूड हे मोटारसायकलींचे मोठे व्यापारी होते. घरात पैसा होता, नोकरचाकर होते. मुलाला पँगबोर्नच्या नौदल पद्धतीच्या निवासी शाळेत घातले, पण तिथे तो रमला नाही. शाळा अर्धवट सोडून त्याने थोडे दिवस वडिलांच्या व्यवसायात आणि पुढे ट्रायम्फच्या कारखान्यात काम केले. १९५७ च्या एप्रिलमध्ये, सतरावे वर्ष लागले नाही तोच, आउल्टन पार्क येथे तो पहिल्यांदा शर्यतीत उतरला आणि अकरावा आला.

वडिलांनी त्याच्यासाठी उत्तमोत्तम गाड्या आणि कसबी मेकॅनिक यांची रांग लावली. साहजिकच इतर स्पर्धकांत कुजबूज सुरू झाली. जे तरुण स्वतःची गाडी स्वतः दुरुस्त करून, ती जुन्या व्हॅनमध्ये घालून शर्यतीला येत, त्यांना हा श्रीमंताचा लाडावलेला मुलगा वाटला तर त्यात नवल नव्हते. पण पैशाने गाडी विकत घेता येते, वळणावर गाडी किती झुकवायची हे कळणे विकत मिळत नाही. दोनच वर्षांत ही कुजबूज थांबली. १९५८ साली ब्रिटनमधील राष्ट्रीय स्पर्धेत त्याने तीन वेगवेगळ्या वर्गांत अजिंक्यपद मिळवले आणि १९५९ साली अल्स्टर येथे ड्युकाटीवरून आपली पहिली जागतिक ग्रां प्री जिंकली. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता.

हेलवूडचे नाव ज्या शर्यतीशी कायमचे जोडले गेले, ती आइल ऑफ मॅनची टी.टी. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रात हे छोटे बेट आहे. तिथे शर्यतीसाठी वेगळा मार्ग बांधलेला नाही. रोजच्या वापरातले रस्तेच शर्यतीपुरते बंद करतात. एक फेरी सुमारे ३७.७ मैलांची, म्हणजे साठ किलोमीटरच्या वर, आणि तिच्यात दोनशेहून अधिक वळणे. बाजूला दगडी कुंपणे, घरांच्या भिंती, तारायंत्राचे खांब. गावातून निघालेला रस्ता पुढे डोंगरावर चढतो, तिथे धुके उतरलेले असते. स्वार ठराविक अंतराने सोडतात, त्यामुळे प्रत्येकाची खरी लढाई घड्याळाशी असते. चूक झाली तर सावरायला मोकळी जागा नाही. या मार्गाने अनेक चांगले स्वार गिळले आहेत.

१९६१ च्या जूनमध्ये या बेटावर हेलवूडने एका आठवड्यात तीन शर्यती जिंकल्या. १२५ आणि २५० सी.सी. वर्गांत होंडावर, तर ५०० सी.सी. वर्गात एका सिलिंडरच्या नॉर्टनवर. असे याआधी कुणालाच जमले नव्हते. ३५० सी.सी. वर्गातही तो आघाडीवर होता, पण अखेरच्या फेरीत इंजिनातली एक पिन तुटली आणि चौथा विजय हुकला. त्याच वर्षी २५० सी.सी. वर्गाचे जागतिक अजिंक्यपद त्याने पटकावले. हे त्याचे पहिले जागतिक अजिंक्यपद.

त्यानंतर इटलीच्या एम. व्ही. ऑगस्टा कंपनीने त्याला आपल्याकडे घेतले. १९६२ ते १९६५ अशी सलग चार वर्षे तो ५०० सी.सी. या सर्वांत मोठ्या वर्गाचा जगज्जेता राहिला. १९६४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत डेटोना येथे त्याने एका तासात १४४.८ मैल, म्हणजे सुमारे २३३ किलोमीटर अंतर कापून नवा विक्रम केला. त्याच दिवशी तिथली ग्रां प्रीही जिंकली.

१९६५ ची टी.टी. मात्र जुने लोक वेगळ्या कारणासाठी आठवतात. पाऊस पडत होता. सारा'ज कॉटेज नावाच्या वळणावर त्याचा तरुण सहकारी जाकोमो अगोस्तिनी घसरून पडला. पुढच्या फेरीत त्याच जागी हेलवूडही पडला. हँडल वाकले, पुढची काच फुटली, नाकातून रक्त येऊ लागले. त्याने गाडी उचलली, सुरू केली, पिटमध्ये येऊन हँडल जमेल तेवढे सरळ करून घेतले आणि शर्यत पुरी करून ती जिंकली.

१९६६ साली तो पुन्हा होंडाकडे गेला. होंडाची सहा सिलिंडरची २५० सी.सी. गाडी हे त्या काळचे आश्चर्य होते. एवढ्याशा इंजिनात सहा सिलिंडर आणि मिनिटाला अठरा हजारांच्या आसपास फेरे. तिचा आवाज ज्यांनी ऐकला ते तो विसरले नाहीत. १९६६ आणि १९६७ या दोन्ही वर्षी हेलवूडने २५० आणि ३५० सी.सी. अशी दोन-दोन अजिंक्यपदे मिळवली. एकूण नऊ झाली. होंडाची ५०० सी.सी. गाडी मात्र ताकदीने भरपूर आणि वळणावर बेभरवशाची होती. एम. व्ही.वर आता अगोस्तिनी होता.

या दोघांची १९६७ ची टी.टी. लढत अनेक जाणकार त्या बेटावरची सर्वश्रेष्ठ मानतात. हेलवूडने १०८.७७ मैलांच्या सरासरीने फेरीचा विक्रम केला, पण त्याचा अॅक्सिलरेटरचा मुठा सैल होऊन निसटू लागला. पिटमध्ये हातोडीने ठोकून तो तेवढ्यापुरता बसवला आणि पुढे तो हाताने दाबून धरतच त्याने गाडी हाकली. अखेर अगोस्तिनीची चेन तुटली आणि हेलवूड जिंकला. त्याच वर्षी मोंझा येथे विजय हाताशी आलेला असताना शेवटच्या फेऱ्यांत हेलवूडच्या गिअरबॉक्सने दगा दिला. हंगाम संपला तेव्हा दोघांचे गुण सारखे, जिंकलेल्या शर्यतीही पाच-पाच. दुसरे क्रमांक अगोस्तिनीचे जास्त होते, म्हणून अजिंक्यपद त्याला मिळाले. एका वर्षी एकाच्या यंत्राने रडवले आणि दुसऱ्याच्या यंत्राने हसवले. दोघांमधला स्नेह मात्र शेवटपर्यंत टिकला.

१९६८ साली होंडाने ग्रां प्रीमधून अंग काढून घेतले आणि हेलवूडने दुसऱ्या कंपनीकडून ग्रां प्री खेळू नये म्हणून त्याला मोठी रक्कम दिली. तोवर त्याच्या नावावर ७६ ग्रां प्री विजय होते. वय अवघे अठ्ठावीस. मग तो मोटारींकडे वळला. १९६९ च्या ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत त्याने आणि डेव्हिड हॉब्जने तिसरा क्रमांक मिळवला. १९७२ साली तो फॉर्म्युला टूचा युरोपीय विजेता झाला. फॉर्म्युला वनमध्ये मात्र त्याला एकही शर्यत जिंकता आली नाही. दुसरा क्रमांक हीच तिथली मोठी कमाई.

पण माणूस म्हणून त्याची खरी उंची दिसली ती अशाच एका न जिंकलेल्या शर्यतीत. ३ मार्च १९७३. दक्षिण आफ्रिकेतील क्यालामी. सुरुवातीच्या फेऱ्यांतच काही गाड्या एकमेकींवर आदळल्या. हेलवूड आपल्या गाडीतून सुखरूप बाहेर पडला. स्वित्झर्लंडचा क्ले रेगाझोनी मात्र बेशुद्ध होऊन गाडीतच अडकला होता आणि गाडीने पेट घेतला होता. हेलवूड धावत गेला आणि त्याचे पट्टे सोडवू लागला. एवढ्यात त्याच्याच कपड्यांना आग लागली. बाजूला होऊन ती विझवून घ्यावी लागली. भाजलेला माणूस तिथेच थांबला असता तर कुणी नाव ठेवले नसते. हेलवूड पुन्हा त्या ज्वाळांत शिरला आणि इतरांच्या मदतीने रेगाझोनीला बाहेर काढूनच थांबला. या धैर्यासाठी ब्रिटिश सरकारने त्याला जॉर्ज पदक दिले. रेगाझोनी त्यानंतर तेहतीस वर्षे जगला आणि १९७९ साली विल्यम्स संघाला त्याचा पहिला विजयही त्यानेच मिळवून दिला. हेलवूडच्या यशाचा हिशेब मांडताना हाही आकडा धरायला हवा.

१९७४ साली न्यूरबर्गरिंगवर झालेल्या अपघातात हेलवूडच्या पायाची वाईट मोडतोड झाली आणि मोटारींची कारकीर्द संपली. तो कुटुंबासह न्यूझीलंडला जाऊन राहिला. सर्वांना वाटले, आता हा माणूस जुन्या आठवणींवर जगणार.

आणि १९७८ साली तो आइल ऑफ मॅनला परतला. अकरा वर्षांचा खंड, वय अडतीस, एक पाय अधू, डोक्यावरचे केस विरळ झालेले. गाडी होती मँचेस्टरच्या एका छोट्या दुकानाने तयार केलेली ड्युकाटी. हितचिंतकांना भीती होती, की आयुष्यभराचे नाव हा एका दिवसात घालवून बसेल. पण घडले उलटेच. आधी सुटलेल्या फिल रीडला, आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्याला, त्याने रस्त्यावरच गाठले आणि मागे टाकले. हजारो माणसे कुंपणांवर उभी राहून आनंदाने हात हलवत होती. त्या विजयाने त्याचे दहावे जागतिक अजिंक्यपदही पदरात पडले. पुढच्या वर्षी सुझुकीवर आणखी एक शर्यत जिंकून त्याने टी.टी.तील चौदावा विजय नोंदवला, आणि मग खरोखरच निवृत्ती घेतली.

त्यानंतर बर्मिंगहॅमला एका जुन्या स्पर्धक मित्राच्या भागीदारीत त्याने मोटारसायकलींचे दुकान काढले. २१ मार्च १९८१ च्या संध्याकाळी दोन्ही मुलांना गाडीत घेऊन तो जवळच्या दुकानातून तळलेले मासे आणि बटाटे आणायला निघाला. वाटेत एका ट्रकने, जिथे वळायला बंदी होती तिथेच, दुभाजकाच्या फटीतून गाडी वळवली. टक्कर टाळता आली नाही. नऊ वर्षांची मुलगी जागीच गेली. मुलगा वाचला. दोन दिवसांनी, २३ मार्चला, माईक हेलवूडने रुग्णालयात प्राण सोडला. एकेचाळिसावा वाढदिवस दहा दिवसांवर होता. ट्रकचालकाला शंभर पौंडांचा दंड झाला.

दगडी भिंतींमधून ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने गेलेला माणूस, मुलांसाठी खाऊ आणायला जाताना, दुसऱ्याने मोडलेल्या एका साध्या नियमामुळे गेला. शर्यतीत प्रत्येकाने धोका समजून-उमजून पत्करलेला असतो. रोजच्या रस्त्यावर मात्र आपण एकमेकांच्या भरवशावर चाललेले असतो. आपल्या एका चुकीच्या वळणाची किंमत समोरून येणारे अनोळखी कुटुंब मोजते.

आइल ऑफ मॅनच्या त्या मार्गावरील सर्वांत उंच जागेला आज हेलवूडचे नाव आहे. तिथून जाणारे स्वार त्याची आठवण काढतात. आपल्याला तेवढ्या दूर जायची गरज नाही. विसर्जनाच्या रात्री उशिरा घरी परतताना, मागे मुले बसलेली असताना, चौकात क्षणभर थांबून दोन्हीकडे पाहिले, तरी या बादशहाला आपले वंदन पोचेल.