ओतूरचा दुष्काळ, हडपसरचा प्लेग आणि सावित्रीबाई

सावित्रीबाई फुले म्हटले की भिडेवाड्यातली मुलींची शाळा आठवते. दुष्काळ आणि साथीच्या काळात त्यांनी केलेल्या कामाची चर्चा मात्र कमी होते. त्यातला एक महत्त्वाचा प्रसंग जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचा आहे.

३ जानेवारी १८३१ रोजी नायगावला जन्म, १८४० मध्ये जोतीरावांशी विवाह, १८४८ पासून शाळेत शिकवणे, १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह, असा त्यांचा प्रवास. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि ओतूर परिसरात त्याला जिवाभावाचे कार्यकर्ते मिळाले. पुढच्या संकटात हीच माणसे उपयोगी पडली.

१८७६ साली पावसाने दगा दिला आणि दख्खनभर दुष्काळ पसरला. एप्रिल १८७७ मध्ये सावित्रीबाई ओतूरला होत्या. २० एप्रिलला तिथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी परिस्थिती नेमकी मांडली. अन्न नाही, चारा नाही, जनावरे मरत आहेत, माणसे गाव सोडून चालली आहेत, भुकेपोटी विषारी फळेही खाल्ली जात आहेत. सत्यशोधकांनी मदतीसाठी समित्या आणि पथके तयार केल्याचेही त्यांनी कळवले.

त्याच सुमारास सावकारांची घरे लुटली गेली आणि मदत करणाऱ्या सत्यशोधकांनाच अटक झाली. सावित्रीबाईंनी कलेक्टरसमोर त्यांची बाजू मांडली. कार्यकर्ते सुटले आणि कलेक्टरने ज्वारीच्या चार बैलगाड्या पाठवल्या. दुष्काळपीडित मुलांसाठी फुले दांपत्य आणि सहकाऱ्यांनी धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रमही चालवला.

मुलांकडे आधी लक्ष देणे वैद्यकीयदृष्ट्याही योग्यच होते. दुष्काळात केवळ उपासमारीने माणसे मरतात असे नाही. कुपोषणाने प्रतिकारशक्ती घटते, पाणवठे आटले की उरलेले पाणी दूषित होते, आणि पटकी, हगवण, ताप यांना वाट मिळते. लहान मुलांच्या शरीरात पाण्याचा आणि पोषणाचा साठा कमी, म्हणून ती लवकर दगावतात.

वीस वर्षांनी पुण्यात प्लेग आला. जोतीराव १८९० मध्येच गेले होते. दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर होता. त्याने हडपसरजवळ रुग्णांसाठी दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई शुश्रूषा करू लागल्या. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये दाखवले. त्याआधी रुग्णाजवळ जाणाऱ्यांना धोका नेमका कुठून आहे हेच कळत नव्हते. प्रतिजैविके तर फार पुढची गोष्ट. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात आणले. पुढे त्यांनाच संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

ओतूरच्या शेजारच्याच आंबेगाव तालुक्यात ३० जुलै २०१४ रोजी पहाटे माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ जणांचा जीव गेला. गाव दिसत नाही हे बाहेरच्या जगाला प्रथम एका एसटी चालकामुळे कळले. आपत्तीत यंत्रणा पोहोचेपर्यंतचा वेळ जवळच्या माणसांनाच निभावून न्यावा लागतो.

ओतूरमध्ये हेच घडले. दुष्काळ येण्यापूर्वीच एकमेकांवर विश्वास असलेली माणसे गावात संघटित होती, म्हणून पथके लगेच उभी राहिली. आपल्या गावात आणि सोसायटीतही ही तयारी आधी करता येते. एकटे राहणारे वृद्ध, गरोदर महिला, अंथरुणाला खिळलेले रुग्ण यांची यादी, सुरक्षित जागा, पिण्याच्या शुद्ध पाण्याचा साठा, ओआरएसची पाकिटे आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा क्रमांक एवढे हाताशी असले, तरी पहिले काही तास निभावतात. पावसाळ्यात डोंगराला नव्या भेगा दिसल्या किंवा झरे अचानक गढूळ झाले, तर रात्र सरण्याची वाट न पाहता घर सोडावे आणि तलाठ्याला कळवावे.