आनंदवनाची भाजी

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी हिंगणघाट येथे एका सधन जमीनदार घराण्यात झाला. पुढे सारा देश त्यांना बाबा आमटे या नावाने ओळखू लागला. कायद्याची पदवी घेऊन त्यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा येथे वकिली चालविली. पैसा हाती येत होता. परंतु जो राबतो तो अर्धपोटी आणि जो राबत नाही तो तृप्त, हे दृश्य त्यांना स्वस्थ बसू देईना.

एकदा भर पावसात गटाराच्या कडेला पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी त्यांच्या दृष्टीस पडला. त्याची झडलेली बोटे पाहताच, धाडसी म्हणून नावाजलेले बाबा भयाने दूर पळाले. स्वतःच्या या भित्रेपणाची त्यांना विलक्षण लाज वाटली. ते परतले आणि त्या रोग्याची त्यांनी अखेरपर्यंत शुश्रूषा केली. नंतर कलकत्त्यास जाऊन त्यांनी या रोगाचे रीतसर शिक्षण घेतले.

वरोऱ्याजवळ सरकारने त्यांना पन्नास एकर जमीन दिली. जमीन कसली, दगडधोंड्यांचा माळ आणि काटेरी रान! विंचू, साप आणि हिंस्र श्वापदे हेच तेथील रहिवासी. इ. स. १९५१ मध्ये पत्नी साधनाताई, दोन लहान मुले, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर बाबांनी तेथे आनंदवन वसविले.

रोग्यांना भीक घालावी, हे बाबांना मान्य नव्हते. ज्याच्या हातांना काम मिळते त्याची मान आपोआप ताठ होते, अशी त्यांची धारणा होती. म्हणून पहिले काम निघाले ते विहीर खोदण्याचे. बधिर झालेल्या हातांना जखम झाली तरी ती कळत नसे. तेव्हा एकमेकांचे हात पाहून काम करावे लागे. बाबाही पहार घेऊन पुढे असत. अखेर पाणी लागले. त्या पाण्यावर माळ हिरवा झाला. दोन-तीन वर्षांतच धान्य आणि भाजीपाला घरचा झाला; मीठ, तेल अशा मोजक्या वस्तू तेवढ्या बाहेरून आणाव्या लागत.

खरी परीक्षा मात्र यापुढेच होती. खाऊन उरलेली भाजी वरोऱ्याच्या बाजारात गेली, तेव्हा ती कोणी घेईना. भाजी ताजी होती. पण ती कुष्ठरोग्यांच्या हातची होती. हा रोग भाजीतून वा धान्यातून पसरत नाही, हे शास्त्राने सांगितले तरी लोकांच्या मनातील भीती कशी जावी? पिकविणाऱ्यांच्या जिवाला हा घाव रोगाहूनही अधिक झोंबला असेल.

इ. स. १९५४ च्या सुमारास एका आंतरराष्ट्रीय सेवासंस्थेचे सुमारे पन्नास स्वयंसेवक आनंदवनात आले. निरनिराळ्या देशांतील ही तरुण मंडळी रोग्यांच्या खांद्याला खांदा लावून रुग्णालयाच्या भिंती उभारू लागली आणि तेथेच पिकलेले अन्न जेवू लागली. हे नवल पाहण्यास वरोऱ्याचे लोक येऊ लागले. परदेशांतून आलेले लोक निःशंकपणे जेवतात आणि आपण शेजारी असून तोंड फिरवितो, याची कित्येकांना खंत वाटली. हळूहळू आनंदवनाची भाजी बाजारात खपू लागली. दूरच्या पाहुण्यांनी दाखवावे तेव्हा शेजाऱ्यास दिसावे, हेही मोठे विचित्रच!

पुढे याच जिल्ह्यात मूलजवळ सोमनाथच्या रानात जमीन मिळाली. आनंदवनात बरे झालेले लोक तेथे भाताची शेती करू लागले. देशभरातील युवक श्रमशिबिरासाठी येऊ लागले. इ. स. १९७३ मध्ये भामरागडच्या अरण्यात, आज गडचिरोली जिल्ह्यात असलेल्या हेमलकसा येथे, माडिया लोकांसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तो बाबांचे पुत्र प्रकाश व स्नुषा मंदाकिनी यांनी चालविला.

पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना बसणे अशक्य झाले होते. ते उभे राहत, नाहीतर पडून असत. तशाही स्थितीत ते काम करीत राहिले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचे निधन झाले. त्यांच्या देहाला अग्नी न देता, एके काळी दगडांनी भरलेल्या त्याच भूमीत तो ठेवण्यात आला.