वाटाण्याची वेल, आगकाड्या आणि दादासाहेब फाळके



यंदा आपल्या नववीच्या मुलामुलींनी संगणक-कक्षात ॲनिमेशनचे प्रकल्प केले. कोणी मातीचा हत्ती चालवला, कोणी कागदाचे कपटे सरकवत राजवाड्यासमोरची रहदारी दाखवली. सेकंदाला बारा चित्रे धरली तर अर्ध्या मिनिटासाठी तीनशे साठ छायाचित्रे काढावी लागतात, आणि मध्येच कोणाचा कोपर लागला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मुलांनी ते चिकाटीने केले. पण पालक सभेत एक प्रश्न आला, आणि तो रास्तही होता. बोर्डाची परीक्षा वर्षावर आलेली असताना हा खेळ कशासाठी? त्याचे उत्तर सभेत दोन वाक्यांत देणे जमण्यासारखे नव्हते. म्हणून या अंकात एका माणसाचे चरित्र सांगते. मी स्वतः हिंदी माध्यमात शिकले. तिथे सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात दादासाहेब फाळके हे नाव एका ओळीत आटोपलेले असे. पाठ केले, गुण मिळवले, झाले. त्या ओळीमागे केवढे आयुष्य आहे हे पुष्कळ उशिरा वाचनात आले.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी झाला. घराणे विद्वान भिक्षुकांचे. वडील संस्कृतचे पंडित होते आणि पुढे त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात अध्यापकाची जागा मिळाल्यामुळे सारे कुटुंब मुंबईला आले. मुलाचा ओढा मात्र पोथीपेक्षा रंगांकडे. १८८५ साली धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि तेथून वडील भावाबरोबर बडोद्याला गेले.

बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन ही संस्था काढली. हाताने काम करणाऱ्याला शास्त्र कळावे आणि शास्त्र शिकणाऱ्याला हाताने काम करता यावे, असा तिचा हेतू. तिचे प्रमुख प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी या विद्यार्थ्यातले गुण ओळखले. चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुकला आणि छायाचित्रण असे जे जे शिकण्यासारखे होते ते फाळक्यांनी शिकून घेतले. नाट्यगृहाची एक आदर्श प्रतिकृती त्यांनी तयार केली आणि १८९२ च्या अहमदाबादच्या प्रदर्शनात तिला सुवर्णपदक मिळाले. छपाईच्या ठशांचे काम शिकण्यासाठी गज्जरांनी त्यांना पाठवले ते आपल्या माळव्यातल्या रतलामला. आपल्या मुलांना हे मुद्दाम सांगावेसे वाटते. ज्या रतलामच्या गाडीत आपण दर सुट्टीत बसतो, तेथे फाळके तीन रंगांचे ठसे कसे करायचे आणि अंधाऱ्या खोलीत फोटो कसा उमटवायचा याचे धडे गिरवत होते.

यानंतरची पंधरा वर्षे पाहिली तर कोणाही बापाच्या कपाळावर आठ्या पडतील. गोध्र्याला फोटोचा धंदा काढला. तिथे १९०० च्या प्लेगमध्ये पहिली पत्नी आणि मूल दगावले. बडोद्याला परत येऊन पुन्हा फोटो काढू लागले, पण कॅमेरा माणसाचे बळ शोषून घेतो अशी समजूत लोकांत होती, गिऱ्हाईक येईना. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकले आणि स्वतःचे आडनाव उलटे करून प्रोफेसर केल्फा या नावाने जादूचे प्रयोगही केले. १९०३ साली पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून सरकारी नोकरी लागली. स्थिर पगार, पुढे निवृत्तिवेतन. बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीचे वारे वाहू लागले आणि १९०६ मध्ये ही नोकरीही त्यांनी सोडली. लोणावळ्याला छापखाना घातला, राजा रविवर्म्यांच्या छापखान्यासाठी ठसे केले, मग मुंबईत दादरला लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स उभे राहिले. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीला जाऊन आले. काम नावारूपाला आले, आणि मग भागीदारांशी पटेना म्हणून तेही सोडले. वय चाळीस, घरी दुसरी पत्नी सरस्वतीबाई आणि मुले, हातात काही नाही.

याच सुमारास, १९१०-११ च्या दरम्यान, गिरगावातल्या एका तंबूत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त हलताना पाहून त्यांच्या मनात राम आणि कृष्ण हलू लागले. त्या दिवसापासून या माणसाला दुसरे काही सुचेना. रोज चार-पाच तास चित्रपट पाहायचे, उरलेल्या वेळात पुस्तके वाचायची, खेळण्यातला कॅमेरा खोलून पाहायचा. झोप नाही, डोळ्यांना विश्रांती नाही. शेवटी डोळ्यांपुढे अंधार झाला. डॉक्टरांच्या उपचाराने आणि चष्म्याने दृष्टी परत आली हे नशीब. (आमच्या संगणक-कक्षात दर अर्ध्या तासाने मुलांना बाहेर काढतो, त्याचे कारण आता लक्षात येईल.)

आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकून पैसे उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी फाळके लंडनला निघाले. ओळख कोणाशी नाही. बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाच्या कचेरीची पाटी दिसली तसे आत शिरले. संपादकांनी आधी परावृत्त केले. हिंदुस्थानातल्या हवेत हा धंदा चालायचा नाही असे त्यांचे मत. पण माणूस हटत नाही हे पाहून त्यांनीच निर्माते सेसिल हेपवर्थ यांची गाठ घालून दिली. हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम बघून, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेऊन आणि कच्ची फिल्म व भोके पाडण्याचे यंत्र यांची मागणी नोंदवून दोनच महिन्यांत फाळके मुंबईला परतले.

आता कॅमेरा होता, पण चित्रपट काढायला पैसा नव्हता. हलत्या चित्रांवर कर्ज कोण देणार? फाळक्यांनी कर्जासाठी भाषण केले नाही. एका कुंडीत वाटाणे पेरले, तिच्यासमोर कॅमेरा बसवला आणि रोज थोडी थोडी चित्रे घेतली. असे महिनाभर केले. त्या काळच्या वेगाने मिनिटभराच्या फिल्मला हजाराच्या आसपास चित्रे लागत. सगळी एकामागून एक पडद्यावर सोडली तेव्हा माती दुभंगली, कोंब वर आला, पाने फुटली आणि पाहता पाहता वेल चढली. महिन्याचे काम मिनिटात. अंकुराची वाढ असे त्याला नाव दिले आणि निवडक मंडळींना घरी बोलावून दाखवले. पाहणाऱ्यांत पैसेवाले होते. त्यांना कर्ज द्यावेसे वाटले ते त्या वाटाण्याकडे पाहून. विज्ञानाच्या शिक्षकांनी हा प्रयोग यंदा वर्गात करून पाहावा असे माझे सांगणे आहे. पद्धत आज मोबाइलमध्येही तीच आहे, चित्र एकेक घ्यायचे आणि धीर धरायचा.

मग राजा हरिश्चंद्र सुरू झाला. दादरच्या घराचाच स्टुडिओ झाला. येथे सरस्वतीबाईंबद्दल लिहिले नाही तर अन्याय होईल, आणि तो पुष्कळ लेखांतून होतो. कच्ची फिल्म येई ती भोके नसलेली. प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना चार-चार भोके, तीही अंधारात पाडायची, कारण उजेड लागला की फिल्म वाया. हे काम सरस्वतीबाई रात्री करत. रसायने मिसळणे, फिल्म धुणे, चित्रीकरण चालू असताना उन्हात पांढरी चादर धरून उभे राहणे हेही त्यांच्याकडेच. त्याखेरीज साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक. दागिने तर आधीच गेले होते. त्या काळी घरातल्या बाईने फिल्म धुणे म्हणजे काय, हे आमच्या आजीच्या पिढीला विचारा. आज ज्याला तंत्रज्ञ म्हणतात त्या त्या होत्या, श्रेयनामावलीत नाव नव्हते एवढेच.

तारामतीसाठी बाई मिळेना. जाहिराती दिल्या, ज्यांना कोणी चांगले म्हणत नसे अशा वस्तीतही विचारून झाले. अखेर ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांना तारामती केले. तेथे दहा रुपये मिळत, फाळक्यांनी पंधरा देऊ केले. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके, आणि रोहिदास झाला फाळक्यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र. कॅमेऱ्याचे हँडल फिरवायला त्र्यंबक तेलंग यांना तयार केले. पटकथा, दिग्दर्शन, रंगभूषा, पडदे, संकलन, छपाई हे सारे फाळके स्वतः पाहत. बडोद्याची चित्रकला, रतलामची अंधारी खोली, नाटकाचे पडदे, जादूगाराची हातचलाखी, एकही विद्या बेकार पडून राहिली नाही. मुलगा सतरा धंदे करतो म्हणून चिंता करणाऱ्या पालकांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा, पण सरकारी नोकरी सोडण्याचा भाग मुलांना मोठ्याने वाचून दाखवू नये!

सुमारे ३,७०० फूट लांबीचा हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमात लागला. एका फुटात सोळा चित्रे, म्हणजे एकूण एकोणसाठ हजारांवर. वर्षभर आधी, मे १९१२ मध्ये, दादासाहेब तोरणे यांचा पुंडलिक पडद्यावर आला होता, तेव्हा पहिला मान कोणाचा हा वाद जाणकारांत चालतो. पुंडलिक हे नाटकाचेच चित्रीकरण होते आणि कॅमेरा परदेशी माणसाच्या हाती होता. सगळे काम इथल्या माणसांनी इथेच केलेला पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट म्हणून मान फाळक्यांकडे जातो, आणि मला ते पटते.

पुढे ते नाशिकला गेले. मोहिनी भस्मासुरमध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी काम केले आणि बायका पडद्यावर आल्या. याच कमलाबाई गोखले म्हणजे अभिनेते विक्रम गोखले यांच्या आजी. १९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथे कौतुक झाले, तिथेच राहून चित्रपट काढण्याचे बोलावणेही आले. आपली माणसे नाशिकला वाट पाहताहेत म्हणून ते नाकारून परत आले, तोच महायुद्ध पेटले. पैसा लावणाऱ्यांनी हात आखडता घेतला, कच्ची फिल्म महागली. त्या टंचाईत मोठी कथा घेणे शक्य नव्हते. तेव्हा, १९१५ च्या सुमारास, फाळक्यांनी काडेपेटी उघडली. काड्या मांडायच्या, एक चित्र घ्यायचे, काड्या किंचित सरकवायच्या, पुन्हा एक चित्र. पडद्यावर काड्या आपोआप नाचू लागल्या, आकृत्या होऊ लागल्या. त्या छोट्या फिल्मचे नाव आगकाड्यांची मौज. नाण्यांचीही अशीच एक फिल्म त्यांनी केली, तिचे नाव लक्ष्मीचा गालिचा. आपल्या देशातल्या ॲनिमेशनची सुरुवात शोधायला गेले तर ती या काड्यांपाशी सापडते. नट नाही, देखावा नाही, पैसा तर नाहीच.

संस्थानांत खेळ करून त्यांनी रक्कम जमवली. त्यात आपल्या होळकरांचे इंदूरही होते. त्यातून १९१७ साली लंकादहन आला. साळुंके त्यात रामही झाले आणि सीताही. मुंबईत एवढी गर्दी लोटली की मद्रासला तिकिटांची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली असे सांगतात. १९१८ मध्ये भागीदारांनी मिळून हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. त्याच साली श्रीकृष्णजन्म आणि १९१९ मध्ये कालियामर्दन निघाला. त्यात कृष्ण झाली होती फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी.

यशाच्या या शिखरावर पुन्हा भागीदारांशी खटका उडाला. फाळके हिशेबात बसणारे नव्हते. त्यांना चित्र मनासारखे हवे, भागीदारांना खर्च आवाक्यात हवा. दोघांचेही म्हणणे समजण्यासारखे आहे, संस्था चालवणाऱ्या माणसाला तर नक्कीच. कंपनी सोडून ते कुटुंबासह काशीला गेले, तेथे रंगभूमी नावाचे नाटक लिहिले, ते चालले नाही. परत कंपनीत आले, पण पूर्वीची घडी बसली नाही. १९३१ मध्ये बोलपट आले. मुक्यानेच तयार केलेल्या सेतुबंधनला मागाहून आवाज जोडून १९३२ मध्ये तो दाखवावा लागला. कोल्हापूरच्या बोलावण्यावरून काढलेला गंगावतरण १९३७ मध्ये आला. त्यांचा पहिला खरा बोलपट आणि शेवटचा चित्रपट. तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते.

नंतरची वर्षे नाशिकला ओढगस्तीत गेली. १९३९ मध्ये चित्रपटधंद्याने मुंबईत रौप्यमहोत्सव केला तेव्हा व्ही. शांताराम यांनी पुढाकार घेऊन त्यांच्या घरासाठी काही रक्कम जमवून दिली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू व्हायला १९६९ उजाडले.

त्या काळची फिल्म नायट्रेटची असे, पटकन पेट घेणारी आणि ठेवली तर कुजणारी. त्यामुळे फाळक्यांच्या बहुतेक चित्रपटांची एकही प्रत उरलेली नाही. राजा हरिश्चंद्रची पहिली आणि शेवटची रिळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत, आणि तीही १९१३ ची की १९१७ साली पुन्हा काढलेल्या प्रतीची, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. कालियामर्दनचा बराच भाग पाहायला मिळतो. तसाच चित्रपट कसे तयार करतात या छोट्या फिल्मचा एक तुकडाही वाचला आहे. त्यात कॅमेऱ्यासमोर फाळके स्वतः आहेत, नटांना सूचना देताहेत, आणि मग टेबलापाशी फिल्मची पट्टी उजेडासमोर धरून एकेक चित्र तपासताहेत.